जोडीनं सत्कार

४ डिसेंबर, गुरुवार

आज माझ्याच घरातून मला बाहेर काढण्यात आलं. काढणारी भाडेकरू आणि निघणारा घरमालक, असा प्रसंग सिंदेवाही तालुक्यात याआधी घडला नसावा.

रंजीता मडावी दिवाळीनंतर माझ्या मागच्या दोन खोल्यांत राहायला आली. मूळची अहेरीकडची. केंद्रीय पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाली, हवालदार झाली आणि पेन्शनपुरती नोकरी होताच स्वेच्छानिवृत्ती घेऊन परतली. मी जन्मभर वर्गात ज्या बर्फाच्या डोंगरांच्या कविता डोळे मिटून म्हटल्या, त्या डोंगरांवर ही बाई प्रत्यक्ष उभी राहून आली. विचारलं, कसं असतं गं तिथं? म्हणाली, "थंडी रायते, गुरुजी." संपलं निसर्गवर्णन.

तर तिनं माझी छपरी, म्हणजे ओसरी, मागितली. दर गुरुवारी दुपारी काही बाया येऊन बसतील. सगळ्या वर्दीतून निवृत्त झालेल्या. कोणाला घरी नवऱ्याचा मार, कोणावर नोकरीत असताना वरच्या साहेबानं नाहीतर सोबतच्यानंच हात टाकलेला. "बाहेर सांगतलं तर लोक म्हनते, तू तं फौजी, तुले कोन हात लावन? म्हनून आम्हीच एकमेकीचं आयकू."

मी लगेच ‘वीरांगना वात्सल्य मंच’ असं नाव सुचवलं. उद्घाटनाचं गीत मी रचीन असंही म्हटलं.

"नाव नाई पाहिजे. फलक नाई पाहिजे. गीत तं बिलकुलच नाई पाहिजे," ती म्हणाली आणि नियम सांगितले. पहिला, कोण आलं ते गावात बोलायचं नाही. दुसरा, कोण काय बोललं ते विचारायचं नाही, सांगायचं नाही, "अन् तुमच्या त्या डायरीत लिहाचं नाई." तिसरा, छपरीचं दार उघडं राहील आणि कोणाच्या अन् दाराच्या मधात कोणी बसणार नाही.

"आणि मी कुठं बसू?"

"तुम्ही फिरून या, गुरुजी."

मग मी भात संशोधन केंद्राच्या कुंपणापर्यंत फिरून आलो. धान कापून झालंय, बांध्या उघड्या पडल्यात. परत आलो तर नथ्थू माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच भांड्यात, माझ्याच साखरेचा चहा करत होता. नथ्थू मेश्राम माझा शेजारी. फौजेतून निवृत्त, मिशा खराट्यासारख्या. त्याला आत परवानगी आणि मला कुंपण!

"बायांच्या बैठकीत तुझं काय काम?" मी विचारलं.

"चहा कोन करन? तुहा चहा पेल्यावर त्या वापस बॉर्डरवर जातीन, मास्तर."

११ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा कुंपण. आज सात-आठ जणी होत्या. त्यांच्यातली मंजुषा तेवढी मला ओळखते, कारण ती ऊर्जानगरहून स्कूटरवर येते आणि स्कूटर लावायची जागा मला विचारते. ती लष्करी दवाखान्यात परिचारिका होती. (पहिला नियम मोडला. पण दैनंदिनी म्हणजे काही गाव नव्हे.)

नथ्थूचं काहीतरी बिनसलंय. आत गॅसजवळ उभा राहतो, पण कान छपरीकडे. चहा देऊन झाला तरी निघत नाही. परवा मी थट्टेत म्हटलं, "काय रे, कमळावहिनी जाऊन इतकी वर्षं झाली, आता पालवी फुटली काय?" एरवी हा माणूस मला दोन शिव्या दिल्याशिवाय राहत नाही. नुसता म्हणाला, "पालवी झाडाले फुटते, मास्तर. मी खुटा आहो."

वृत्तात नव्हतं, पण ओळ बरी आहे. लिहून ठेवतो.

रंजीतानं सुताराला बोलावून मागच्या दाराला लोखंडी अडसर बसवायचा घाट घातला. ते दार सागाचं. वडिलांनी आलापल्लीहून लाकूड आणून करून घेतलेलं, वर वेलबुट्टी. त्या दारात बसून माझी बायको मनकर्णा तांदूळ निवडायची आणि मी तिला उद्याचा पाठ म्हणून दाखवायचो. भोक पाडायला मी साफ नकार दिला. मग तिनं रोज आपली लोखंडी पेटी दाराला लावून झोपायला सुरुवात केली. लष्करी शिस्त अशी अंगात मुरते.

१९ डिसेंबर, शुक्रवार

ज्येष्ठ नागरिक मंडळाची बैठक. विषय एकच, २६ जानेवारीला सत्कार कोणाचा. आमच्या गावात सत्कार ही शेतीखालोखालची पैदास आहे. गेल्या वर्षी उमेदवार सापडेना म्हणून ज्यानं मांडव घातला त्याचाच केला. त्याची शाल त्यालाच आणायला लावली होती.

मी रंजीताचं नाव सुचवलं. शुद्ध भक्तिभाव नव्हता त्यात. गावात कुजबुज सुरू झाली आहे: गुरुजीच्या घरी फौजी बाया जमतात, दार उघडं ठेवून रडतात काय, हसतात काय. पोलीस पाटील दोनदा चहाच्या निमित्तानं डोकावून गेला. भर मांडवात एकदा शाल-श्रीफळ दिलं की सगळ्यांची तोंडं बंद, असा माझा डाव.

रंजीता आधी नाहीच म्हणाली. मी कुजबुज सांगितली तेव्हा उठून छपरीचं दार एकदा पाहून आली. मग म्हणाली, "बायांचं येनं बंद नाई झालं पाहिजे. करा. पन फ्लेक्सवर फोटो नाई, मोबाईलवर टाकनं नाई, अन् दहा मिनिटाच्या वर नाई."

विनयाला सीमा असते. हिला ती राखायची सवय आहे.

२७ डिसेंबर, शनिवार

आज मला जे सुचलं ते मला इतक्या उशिरा का सुचलं, याचंच नवल वाटतं.

आमच्याकडे सत्कार नेहमी जोडीनं होतो. दोन खुर्च्या शेजारी, दोघांच्या खांद्यांवरून एकच लांब शाल, एक नारळ तिच्या ओटीत, एक त्याच्या हातात. मी निवृत्त झालो तेव्हा मनकर्णा त्या शालीखाली इतकी घामेजली होती की मला कानात म्हणाली, "भाषण आवरा, नाहीतर माझा वेगळा कार्यक्रम करावा लागंल." ती शाल अजून आहे. वास गेला.

मग रंजीता एकटी का बसेल? तिला नवरा आहे. एकदा विचारलं होतं तेव्हा म्हणाली, "अहेरीले रायते." आणि भिंतीकडे पाहत राहिली. त्या भिंतीकडे पाहण्यात मला सगळा विरह दिसला! आयुष्यभर एक या छावणीत, एक त्या छावणीत. आता निवृत्त झाले तरी पोटापाण्यानं दूर. दुसऱ्यांची दुखणी ऐकणारी ही बाई, हिचं सुख कोण पाहणार? मी पाहणार.

अहेरीत माझा जुना विद्यार्थी अजय किराणा चालवतो. त्याला अख्खी अहेरी पाठ आहे, कविता एकही नव्हती. त्यानं तासाभरात नंबर दिला. नाव कुलदीप. तोही दलातूनच निवृत्त.

काय मऊ आवाज! "गुरुजी, पाया पडतो," इथून सुरुवात. मी सत्काराचं सांगितलं. मग म्हणाला, "सिंदेवाहीले आहे का ती?" स्वतःची बायको कुठं राहते ते मलाच विचारतो, मिस्कील गडी. मग म्हणाला, "तिले सांगू नका, गुरुजी. मी येतो म्हनून तिले मालूम नाई पडलं पाहिजे. तिचा चेहरा पाहाचा आहे मले."

याला म्हणतात रसिकता. तिचा चेहरा पाहायचा आहे! घराची चौकशीही आस्थेनं केली. घर कुठं, दारं किती. मी म्हटलं दोन, मागचं सागाचं, वडिलांनी करून घेतलेलं. माणसाला जुन्या लाकडाची आवड दिसते.

१२ जानेवारी, सोमवार

सत्कारासाठी रचना चालू आहे. रंजीताचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही. चकमकीत मोडला असणार. कधी बोलून दाखवत नाही, पण मी पाण्याची कळशी उचलताना पाहिलंय. त्यावरच कविता उभी केली:

हात जरी वाकला, न वाकला कणा,
सीमेवरील वाघिणीला माझी वंदना!

नथ्थूला म्हणून दाखवली.

"वाघीन सीमेवर कायले जाईन? तिचं ताडोब्यात बरं चाललं आहे," तो म्हणाला. "अन् तिचा हात कायनं मोडला, विचारलं का तू?"

"दुसरा नियम," मी ऐटीत म्हटलं.

तो माझ्याकडे पाहत राहिला. मला वाटतं चूक काढायला काही सापडलं नाही.

नथ्थूच्या तऱ्हा लिहायच्या तर वेगळी वही लागेल. कटिंगवाल्याकडे जात नाही. मागं कोणी उभं राहिलं की मान आखडते म्हणून आरशापुढं स्वतःच केस कापतो आणि उंदरानं कुरतडल्यासारखा हिंडतो. मांडवात नेहमी कनातीच्या कडेला. आणि झोपतो दार सताड उघडं टाकून, थंडीत, वाघाच्या मुलखात! मी एकदा रागावलो, अरे वाघ आत शिरला तर? म्हणाला, "वाघ शिरला तं समजते तरी की वाघ आहे."

याच्याही सत्काराचा घाट मी एकदा घातला होता. म्हटलं, भरतीच्या वेळचे तुझे उस्ताद आहेत ना, ज्यांनी तुला जवान केलं, त्यांनाच प्रमुख पाहुणे म्हणून बोलावू. आमच्या घरी जेवत होता. ताट सारून उठला. तोंडावर रंग म्हणून नाही. हात न धुता गेला आणि कित्येक दिवस बोलला नाही. मनकर्णा म्हणाली, जाऊ द्या, भाजी तिखट झाली होती.

२५ जानेवारी, रविवार

सगळी तयारी झाली. पुढल्या आठवड्यात नाटक आहे, त्याचा स्टेज आधीच उभा आहे. पडद्यावर राजवाडा रंगवलाय, खांबांना सोनं आणि मधे एक मोर, ज्याचे पाय चुकून बदकाचे झालेत. त्याच पडद्याआडून कुलदीपरावांनी यायचं ठरलंय.

रंजीता विचारत होती, "दुसरी खुर्ची कायले, गुरुजी?"

मी म्हटलं, "गंमत आहे!"

आज झोप येणार नाही. सहलीच्या आदल्या दिवशी यायची नाही तशी.

२६ जानेवारी, सोमवार

लिहायला बसलो, दोनदा उठलो. जसं झालं तसं लिहितो.

कार्यक्रम दहाला सुरू झाला. निवेदक मी. पाहुण्यांनी सीमेवर भाषण केलं, ते बहुधा गोंदियाच्या पलीकडे गेलेले नसावेत. रंजीता अबोली रंगाच्या साडीत, खुर्चीच्या कडेवर बसलेली. मंजुषा समोरच्या रांगेत. नथ्थू नेहमीप्रमाणे कनातीशी, चहाची मोठी किटली घेऊन. मी कविता म्हटली. ‘हात जरी वाकला’वर टाळ्या पडल्या. मग मी आवाज खोल नेला आणि म्हणालो, "आणि आता, ज्याची वाट पाहून या डोळ्यांत..." वगैरे. ते पुढचं लिहवत नाही.

राजवाड्यातून कुलदीप आला. गोरटेला, हसरा, छातीवर पदकं, हातात झेंडूचा हार. गाव खूश! नाटकातलाच प्रवेश. त्यानं हार तिच्या गळ्यात घातला, शेजारी बसला, शाल दोघांवरून ओढून घेतली आणि शालीखालून हात तिच्या मानेवर ठेवला. फोटोवाला ओरडला, "जवळ घ्या, साहेब!" त्यानं जवळ घेतलं आणि तिच्या कानात काही बोलला, हसत हसत.

त्याला तिचा चेहरा पाहायचा होता. मीही पाहिला. त्यावर रंग म्हणून नव्हता. बसल्या जागी ती सावधानमध्ये गेली होती. डोळे समोर, मुठी मांडीवर. मी असा चेहरा याआधी कुठंतरी पाहिलाय, पण कुठं ते आठवेना. हातात त्याचा नारळ होता. तो मला देता येईना आणि खाली ठेवताही येईना.

तेवढ्यात नथ्थू स्टेजवर चढला. आयुष्यात पहिल्यांदा.

"चहा, चहा! जवाईबुवाले पयला चहा!" असं ओरडत थेट दोघांच्या पुढ्यात गेला आणि किटली वाकडी केली. सगळी धार कुलदीपच्या मांडीवर. तो बोंबलून उठला. नथ्थू शांतपणे त्याच्या खुर्चीत बसला, शालीचं टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, "जोडीनं आहे ना सत्कार? माही बायको गेली, म्या एकट्यानं कायले सोडू? काढा फोटो."

मांडव हसून लोळला. त्या हसण्यात रंजीता उठली. माझ्याजवळ आली. माईक माझ्याच हातात होता, तिनं तो घेतला नाही, नुसती त्याच्याजवळ वाकली.

"गुरुजी, हा हात सीमेवर नाई मोडला. घरी मोडला. ज्यानं मोडला त्यानंच आता हार घातला मले." मग थोडं थांबून, "सत्कार कोनाचा करता ते तुम्ही ठरवा."

मागं कोणाचं तरी लेकरू शेंगा फोडत होतं, तेवढं ऐकू आलं.

कुलदीप हसला. ओल्या पँटीनिशी हसायला माणूस तयारीचा लागतो. "घरची गोष्ट आहे, गुरुजी," तो त्याच मऊ आवाजात म्हणाला. "चाल, रंजू. घरी बोलू." आणि तिचा तोच हात धरायला पुढं आला. पाहुणे टोपी नीट करू लागले. अध्यक्ष चपला शोधू लागले. माझे सगळे जुने विद्यार्थी, मिशावाले, पोटवाले, आपापल्या पायांकडे पाहू लागले, गृहपाठ न केल्यासारखे.

मारामारी मी फक्त वीररसात केली आहे. माझ्याकडे होता एक माईक आणि एक नारळ. तोंडातून निघालं, "राष्ट्रगीतासाठी सर्वांनी सावधान!"

कोपऱ्यातल्या मुलींनी सवयीनं सूर धरला. मांडव उभा राहिला. आणि कुलदीपसुद्धा. हात पुढं आलेला तसाच खाली गेला, टाचा जुळल्या, हनुवटी वर. इतक्या वर्षांची सवय, शिवाय छातीवर पदकं आणि समोर अख्खं गाव. हलतो कसा?

नथ्थू खुर्चीतून उठून बरोबर जिन्याच्या तोंडाशी सावधान उभा राहिला, खांबासारखा.

रंजीता मात्र चालत निघाली. जन्मभर ज्या सुराला ती जागची हलली नसेल, त्या सुरात ती नथ्थूच्या शेजारून जिना उतरली, हार काढून पायरीवर ठेवला आणि मधल्या वाटेनं मांडवाबाहेर गेली. मंजुषा तिच्या मागं. पलीकडे स्कूटर सुरू झाल्याचं ऐकलं. कोणीतरी पुटपुटलं, अपमान आहे हा. असेल. ज्याला मोजायचा त्यानं मोजावा.

गीत संपत आलं. कुलदीपच्या टाचा सैल पडू लागल्या. मी लगेच म्हणालो, "राज्यगीत!" मुली गोंधळल्या, पण शिक्षकाचा आवाज, सुरू झाल्या. ते संपतं न संपतं तोच, "हुतात्म्यांना श्रद्धांजलीसाठी दोन मिनिटं स्तब्धता." घड्याळ माझ्याकडे. मी ती दोन मिनिटं, हुतात्मे मला क्षमा करोत, बरीच लांबवली. शेवटी अध्यक्ष कण्हायला लागले. रंजीतानं ठाण्यातून पाठवलेली जीप आली तेव्हा आम्ही अजून उभेच होतो.

२७ जानेवारी, मंगळवार

रंजीता घरी नाही. काल तक्रार नोंदवून ती मंजुषासोबत ऊर्जानगरला गेली. पेटी दारालाच लावलेली आहे.

नथ्थू आला. आज चहा नाही, बसणं नाही. छपरीच्या दारात उभ्यानंच.

"मास्तर, तुले अक्कल देवानं देली होती का शाळेनं? जनावराले फोन करून पत्ता देते? वरून दारं किती तेबी सांगते?"

"पण नथ्थू, ती हवालदार होती! रायफल चालवलेली बाई. तिच्यावर कोण हात उचलेल, असं माझ्या मनातही..."

"रायफल संध्याकाळी जमा करा लागते," तो म्हणाला. "खोलीत बंद होते ते. मंग मानूस तसाच रायते, बिनहत्यारी. हवालदार असो का रंगरूट."

"तुला बरं ठाऊक!"

त्यानं खिशात हात घातला. बिडी काढली, उलटी पेटवली, फेकली.

"चहा करता करता आयकतो मी," म्हणाला आणि गेला.

३१ जानेवारी, शनिवार

रंजीता आली. मी दारात उभा. क्षमा मागायची म्हणून चार वाक्यं पाठ केली होती, त्यातलं पहिलंच वाक्य अलंकारिक होतं ते बरं झालं, अडकलं.

"मी विचारायला हवं होतं," एवढंच म्हटलं.

"हो. विचाराचं होतं." ती रागातच होती आणि राग लपवत नव्हती. "मले वाचवासाठी राष्ट्रगीत म्हटलं, ते चांगलं केलं. पन मले कोन्या खड्ड्यात टाकलं होतं, गुरुजी? दोन वर्सं मी पत्ता लपवून रायली. गंमत म्हने!"

मग ती बसली, दाराजवळ. आपणहून बोलली. नोकरीच्या सुरुवातीला एका कॅम्पात वरच्या साहेबानं तिच्यावर जबरदस्ती केली. तिनं तक्रार केली तर साहेब तिथंच राहिला आणि बदली हिची झाली. लग्न झाल्यावर तिनं नवऱ्याला विश्वासानं सांगितलं. त्यानंतर प्रत्येक वेळी हात उचलताना तो तेच उगाळायचा, कॅम्पात काय करत होतीस. "साहेबानं एकदा केलं, गुरुजी. ह्यानं रोज त्याचं नाव घेऊन केलं."

माझ्या डोक्यात एवढ्या कविता आहेत, एकीलाही उठून उभं राहावंसं वाटलं नाही.

आता कोर्टानं त्याला तिच्या जवळपास फिरकायला मनाई केली आहे. पण तो जामिनावर बाहेर आहे आणि त्याला घर माहीत आहे. माझ्यामुळे. मी म्हटलं, दुसरीकडे खोली बघू, अजय, सरपंच, कोणाला तरी...

"कोनाले फोन लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की आम्ही दोघंही दचकलो, आणि मग, काय सांगू, दोघंही हसलो. ती डोळे पुसत म्हणाली, "बहुत बदल्या झाल्या माह्या. आता बदली नाई. इथीच रायतो. पन ते दार..."

सुताराला मीच बोलावलं. त्यानं वेलबुट्टीच्या मधोमध गिरमिट लावलं तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं. अडसर चांगला जाड आहे. मनकर्णा असती तर म्हणाली असती, हे आधीच करायचं सोडून कविता काय करत बसलात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कोण येईल, याची सकाळपासून धास्ती. अख्ख्या तालुक्याला आता ही छपरी ठाऊक. रंजीतानं सतरंजी अंथरली, दोनदा झटकली. मंजुषा आली. मग बराच वेळ कोणी नाही. मग दोघी आल्या, मग एक नवीन, चेहऱ्यावर पदर घेतलेली, गावातलीच. नाव लिहीत नाही. पहिला नियम.

मी काठी घेऊन कुंपणाकडे निघालो, तर नथ्थू किटली घेऊन समोर. ती माझ्या हातात दिली.

"आज चहा तू कर, मास्तर."

"मी? मला आत परवानगी नाही."

"गॅसपाशी आहे," आतून रंजीता म्हणाली. "गॅसच्या इकडे नाई."

नथ्थूनं चपला काढल्या. मी म्हटलं आता हा काय करतो? तर सरळ सतरंजीवर गेला. बाया सरकल्या. रंजीतानं दाराजवळची जागा त्याला दिली, जिथं एरवी ती स्वतः बसते. तो मांडी घालून बसला, खराट्यासारख्या मिशा आणि कुरतडलेलं डोकं, आणि खालमानेनं सतरंजीचे दोरे उपसायला लागला. कोणी हसलं नाही.

मी चहा ठेवला. थोड्या वेळानं त्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते, पण आणखी थोडं लक्ष दिलं असतं तर कळले असते. म्हणून मी तिसरीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता म्हणायला घेतली, मोठ्यानं, भांड्याकडे तोंड करून. पहिलं कडवं, दुसरं, धृपद. जितका त्याचा आवाज खाली जायचा तितका माझा वर.

"गुरुजी, हळू!" रंजीता ओरडली.

"तो हळू बोलला की त्याचं ऐकू येतं," मी ओरडलो.

छपरीत हसू फुटलं. नथ्थूचंही होतं त्यात, नाकातलं, ओलं. "म्हनू द्या त्याले," तो म्हणाला. "चालू ठेव, मास्तर."

मी चालू ठेवलं. ओढा संपला, मग पाखरांची, मग आईची, मग पाठ असलेलं सगळं, चहा उतू गेला तरी. इतका मन लावून वर्ग मी कधी घेतला नव्हता.

संपल्यावर तो आत आला. डोळे लाल. कपातलं तोंडात घेतलं आणि म्हणाला, "हे काय आहे?"

"चहा."

"पुढच्या गुरवारी साखर कमी टाक." आणि माझ्या पाठीवर एक थाप मारून गेला.

रंजीताचा स्टेजवरचा चेहरा आधी कुठं पाहिला होता, ते आज चहा गाळताना आठवलं: आमच्या घरी, ताट सारून उठताना नथ्थूचा. भाजी तिखट नव्हती.

इथं पुढं एक ओळ लिहिली होती. खोडली. दुसरा नियम.